विविधतेनं कामगिरी वाढते का? आधी कामाचं वाटप तपासा

चाकणजवळच्या एका कंपनीचे संशोधन-विकास विभागप्रमुख विचारतात: "आम्ही गाड्यांच्या सीट आणि सीटचे सुटे भाग बनवतो. विभागात साठेक इंजिनिअर आहेत. पूर्वी पुण्यातल्या तीन-चार कॉलेजांतून बीई झालेली मुलंच घ्यायचो. गेल्या चार वर्षांत भरतीचा घेर वाढवला. आता मुली जास्त आहेत, आधी डिप्लोमा करून मग डिग्री केलेले आहेत, ओडिशा-तमिळनाडूकडचे आहेत. पण अप्रेझलमध्ये या नव्या मंडळींचं सरासरी रेटिंग खालीच राहतं. संचालक विचारतात, विविधतेनं कामगिरी वाढते म्हणे, मग हे काय? त्यांना काय उत्तर देऊ?"

थेट उत्तर आधी देतो. अप्रेझलचं रेटिंग म्हणजे माणसाची कुवत नव्हे. त्या वर्षी त्याला कुठलं काम मिळालं, ते कोणाच्या नजरेत आलं आणि अडलं तेव्हा मदतीला कोण धावलं, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. म्हणून विविधतेचा हिशेब मांडण्याआधी कामाच्या वाटपाचा हिशेब मांडावा लागतो. माझी नोकरीची बहुतेक वर्षं वाहन उद्योगात डिझाइन आणि टेस्टिंगच्या टीम बांधण्यात गेली. हा प्रश्न जिथे जिथे निघाला तिथे मी याच टोकाला हात घातला आहे.

एक साधी तपासणी सर्वांत आधी करा. नव्या मंडळींची तुलना जुन्या गटाशी न करता त्यांच्याच वर्षी रुजू झालेल्या, नेहमीच्या कॉलेजांतल्या मुलांशी करा. दहा वर्षं सीटच्या फ्रेमवर काम केलेल्या माणसाशेजारी दोन वर्षांचा अनुभव ठेवला तर फरक दिसणारच, आणि तो अनुभवाचा असतो. शिवाय साठ जणांच्या विभागात एकेका गटात सात-आठ माणसं येतात. एका टीम लीडनं हात आखडता घेतला तरी सरासरी हलते. इतक्या लहान आकड्यांवरून संचालकांना निष्कर्ष काढू देऊ नका. एवढं करूनही फरक उरलाच, तर मात्र पुढचं वाचा.

शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांच्याबाबत हा प्रश्न अमेरिकेत नेटकेपणानं तपासला तो रटगर्स विद्यापीठातल्या नॅन्सी डिटोमासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २४ अमेरिकन कंपन्यांच्या संशोधन-विकास विभागांतल्या हजारो लोकांची माहिती त्यांनी जमवली, आणि त्यावरचा त्यांचा महत्त्वाचा लेख २००७ मध्ये आला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. एकीकडे वरिष्ठांनी केलेलं मूल्यमापन. दुसरीकडे कामातली अनुकूलता, म्हणजे कोणाला वरिष्ठांचा आधार मिळतो, कोणाला निर्णयात सामील करून घेतात, कोण टीममध्ये आपलं मानलं जातं. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या पुरुषांना ही अनुकूलता जास्त मिळत होती, आणि चांगलं मूल्यमापन बरंचसं तिच्याच वाटेनं येत होतं. म्हणजे पक्षपात रेटिंगच्या फॉर्मवर पहिल्यांदा उमटत नाही. तो आधीच्या अकरा महिन्यांत थोडा थोडा साठत जातो, आणि बाराव्या महिन्यात फॉर्म त्याची फक्त नोंद घेतो.

तुमच्याकडे हे कसं घडत असेल ते सांगतो, कारण सगळीकडे ते जवळपास एकाच पद्धतीनं घडतं. नव्या गाडीच्या प्लॅटफॉर्मची सीट आली की मोकळ्या कागदावरून सुरुवात असते. रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे झुकवणारी यंत्रणा, बदलतो, फोमची घनता ठरते, क्लायंटच्या माणसांशी रोज बोलणं होतं. हे काम लीड त्यालाच देतो ज्याच्यावर त्याचा आधीच भरवसा आहे, आणि भरवसा बहुधा आपल्याच कॉलेजच्या, आपल्यासारखंच बोलणाऱ्या, संध्याकाळी सोबत चहा घेणाऱ्या मुलावर असतो. उरलेलं काम म्हणजे जुन्या भागांचे बदल, बीओएमची, म्हणजे सुट्या भागांच्या यादीची साफसफाई, ड्रॉइंगची पुनरावृत्ती, पीपॅपच्या, म्हणजे क्लायंटकडून भाग मंजूर करून घेण्याच्या फायली. ते नव्या मंडळींकडे जातं. मुलींकडे तर हमखास, कारण "तिचं काम नीटनेटकं असतं". हे काम आवश्यक आहे, ते चुकलं तर ऑडिटमध्ये नाक कापलं जातं. पण त्यातून डिझाइन रिव्ह्यूमध्ये सांगण्यासारखं काही निघत नाही, पेटंट निघत नाही, क्लायंटला नाव कळत नाही. वर्षअखेरीला त्याच मुलीच्या फॉर्मवर 'ओनरशिप दिसली नाही' असा शेरा येतो. दहाव्या क्रमांकावर खेळायला पाठवलेल्या फलंदाजाची सरासरी काढून त्याला फलंदाजी येत नाही म्हणण्यासारखंच हे आहे.

यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे हे काळजीपोटी होतं. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) व्हीआरडीईच्या वाहन-चाचणी ट्रॅकवर किंवा इंदूरजवळच्या पीथमपूरला नॅट्रॅक्सच्या ट्रॅकवर ट्रायल असते. चार दिवस तिथे राहायचं, पहाटे गाडी काढायची, रात्री डेटा उतरवायचा. लीड म्हणतो, "तिला कशाला त्रास? घरी लहान मूल आहे." तिला विचारलेलं नसतं. त्या ट्रायलमध्ये सीट ज्यावर पुढे-मागे सरकते तो ट्रॅक आवाज का करतो हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, पुढच्या बैठकीत त्याच्याच शब्दाला वजन येतं. असं तीन ट्रायलना झालं की तिचं मत 'थिअरी' ठरतं आणि त्याचं 'अनुभव'. लीड मनानं चांगला माणूस असतो, म्हणूनच हे पकडणं कठीण जातं. उपाय सोपा आहे, पण तो नेमानं करावा लागतो. ट्रायलची पाळी ठरलेल्या क्रमानंच लागली पाहिजे. कोणाला जमणार नसेल तर ते त्या व्यक्तीनं स्वतः सांगायचं, दुसऱ्या कोणी तिच्या वतीनं गृहीत धरायचं नाही. राहण्याची, गाडीची आणि स्वच्छतागृहाची सोय कंपनीनं आधी करायची.

आपल्या इतिहासातलं एक ठळक उदाहरण आहेच. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून वरच्या क्रमांकानं बीएस्सी झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून नकार दिला. ती हटून बसली तेव्हा प्रवेश मिळाला, पण एक वर्षाच्या परीक्षाकालाच्या अटीवर. तिचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं पुढच्या मुलींना उघडली. १९३९ मध्ये केंब्रिजनं वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावरच्या कामासाठी त्यांना पीएचडी दिली. आता नीट बघा, त्या वर्षभरात तिची कुवत बदललेली नव्हती. तिला प्रयोगशाळेतलं टेबल मिळालं होतं. ते मिळालं नसतं तर 'मुली संशोधनाला चालत नाहीत' हे मत कधी खोटं ठरलंच नसतं, कारण ते तपासायची संधीच उरली नसती.

वाटपानंतर येतो नजरेचा प्रश्न. कागद तोच असताना नावामुळे गुण बदलतात का? बदलतात, आणि याचे पुरावे पक्के आहेत. क्रिस्टिन वेनेरोस आणि अॅग्नेस वोल्ड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये त्यांच्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोस्टडॉक शिष्यवृत्त्यांचे गुण तपासले. परिषद कागद दाखवायला तयार नव्हती, शेवटी न्यायालयाच्या निर्णयानं ते उघड झाले. पुरुष अर्जदाराइतके क्षमतेचे गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीच पट प्रकाशित काम दाखवावं लागत होतं. स्त्री-पुरुष समतेत अग्रगण्य मानल्या जाणाऱ्या देशातली ही गोष्ट आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला गेला, काहींना 'जॉन'च्या नावानं, काहींना 'जेनिफर'च्या. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार सुचवला गेला, जेनिफरला २६,५०८. स्त्री प्राध्यापकांनीही तेच केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'आमच्या पॅनेलवर एक मॅडम आहेत' एवढ्यानं हा प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडे आडनाव हेच काम करतं, आणि त्याबद्दल विभागात कोणी मोठ्यानं बोलत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. २००७ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याचा संभव उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश होता. मुलाखतीत "गाव कुठलं, वडील काय करतात" हे प्रश्न आपण आपुलकीनं विचारतो. समोरचा मात्र ते ऐकून सावध होतो, आणि पुढची वीस मिनिटं तो जपून बोलतो. टॉर्सन बारचं गणित त्याला येतं की नाही हे त्या वीस मिनिटांत कळायचं असतं. हे प्रश्न मुलाखतीतून काढून टाका. त्यांच्यावाचून काहीही अडत नाही.

आता संचालकांच्या मूळ वाक्याकडे येऊ. 'विविधतेनं कामगिरी वाढते' हे सरसकट खरं नाही, आणि तसं सांगून तुम्ही स्वतःला अडचणीत टाकू नका. मॅकिन्सी या सल्लागार कंपनीच्या २०१५ पासूनच्या अहवालांत नेतृत्वातली विविधता आणि नफा यांचा संबंध दाखवलेला आहे, आणि प्रत्येक सादरीकरणात तोच आलेख येतो. २०२४ मध्ये जेरेमाया ग्रीन आणि जॉन हँड यांनी एस अँड पी ५०० या यादीतल्या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांवर तो संबंध पुन्हा तपासला, तेव्हा तो सापडला नाही. त्याच्याही बऱ्याच आधी, १९९८ मध्ये, कॅथरीन विल्यम्स आणि चार्ल्स ओरायली यांनी चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं होतं की नुसती वेगवेगळी माणसं एकत्र आणली तर गटातला ताण वाढण्याचीच शक्यता जास्त असते. मला हा निष्कर्ष विविधतेच्या विरोधातला वाटत नाही. नव्या माणसांना सामावून घेण्याचं काम न करता नुसती भरती केली की काय होतं, ते तो सांगतो.

मग फायदा कधी होतो? अपर्णा जोशी यांचा २०१४ चा अभ्यास मी प्रत्येक विभागप्रमुखाला वाचायला सांगतो, कारण तो आपल्यासारख्याच लोकांवर केलेला आहे. बहुविद्याशाखीय संशोधन केंद्रांतल्या ६० टीम, पाचशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर. टीममध्ये उच्चशिक्षित स्त्रिया असणं उपयोगी पडलं ते त्या ज्ञानशाखेत स्त्री-पुरुष दोघंही पुरेसे असतील तिथे. पुरुषबहुल शाखांत, उच्चशिक्षित स्त्रियांचं प्रमाण जास्त असलेल्या टीमचं काम उलट कमी भरलं. कारण उघड आहे. तिचं ज्ञान टीममध्ये होतं, पण ते ज्ञान म्हणून मोजलंच गेलं नाही, त्यामुळे वापरलंही गेलं नाही. ज्याचा पगार आपण देतो ते ज्ञान बैठकीत पडून राहतं, याहून मोठं नुकसान संशोधन-विकास विभागात दुसरं नाही.

यातून एक व्यवहाराचा निर्णय निघतो, आणि तो पुष्कळांना पटत नाही. आठ टीम असतील आणि सहा मुली, तर त्या सहा टीममध्ये एकेक वाटू नका. वाटणी न्याय्य दिसते, पण प्रत्येक जण एकटी पडते. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की गटात एकटी असलेली व्यक्ती सतत नजरेखाली राहते आणि तिच्याकडे तिच्या गटाचा नमुना म्हणून पाहिलं जातं. दोन टीममध्ये तीन-तीन द्या. मग रिव्ह्यूमध्ये एकीनं मुद्दा मांडला आणि तो हवेत विरला, तर दुसरी म्हणू शकते, "थांबा, तिनं आत्ता सांगितलं ते आधी बघू." ओडिशाच्या मुलांबाबत आणि डिप्लोमावाल्यांबाबतही हेच.

भाषेचा मुद्दा पुण्याच्या परिसरात तर फारच महत्त्वाचा आहे. बैठक इंग्रजीत, पण निर्णय चहाच्या टपरीवर मराठीत. मराठी न येणाऱ्या तमिळ इंजिनिअरला ड्रॉइंग बदलल्याचं दोन दिवसांनी कळतं, आणि मग 'तो प्रोअॅक्टिव्ह नाही'. उलट बाजूला लातूर किंवा परभणीहून मराठी माध्यमात शिकून डिप्लोमाच्या वाटेनं आलेला मुलगा. वेल्ड कुठे तडकणार हे तो फ्रेम हातात घेऊन सांगू शकतो, पण जर्मनीतल्या मुख्यालयाशी कॉल सुरू झाला की गप्प बसतो. दोघंही हुशार, दोघांचंही रेटिंग खाली. दोन्हीवर इलाज एकच: निर्णय जिथे झाला असेल तिथे होऊ द्या, पण त्याच संध्याकाळी तो चार ओळींत लिहून सगळ्यांना गेला पाहिजे. आणि रिव्ह्यूआधी मुद्दे लेखी मागवा. बोलण्यात मागे पडणारा माणूस लिहून, स्केच काढून आपली बाजू भक्कम मांडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बसण्याची जागाही बघा. एमआयटीच्या थॉमस अॅलन यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर तीसेक मीटरच्या पुढे गेलं की आठवड्यातून एकदा तरी बोलणं होण्याची शक्यताही फार कमी होते. नव्या मुलांना जागा नाही म्हणून दुसऱ्या इमारतीत बसवलं असेल, तर त्यांचं निम्मं नुकसान तिथेच झालं.

जुना, एकजीव गट चांगला चालतो असं तुम्ही म्हणाल. चालतो, पण काही काळ. त्याच अॅलन यांनी राल्फ कॅट्झ यांच्यासोबत १९८२ मध्ये एका मोठ्या कंपनीतल्या ५० संशोधन-विकास गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सदस्य एकत्र काम करायला लागल्यापासून साधारण दीड वर्षापर्यंत कामगिरी चढत गेली, मग स्थिरावली, आणि पाचेक वर्षांनंतर स्पष्टपणे उतरली. कारण गट बाहेरच्यांशी बोलेनासा झाला होता. आपल्याला सगळं माहीत आहे अशी खात्री त्याला झाली होती. तुमच्या जुन्या गटाला किती वर्षं झाली ते मोजा.

आणि तुम्ही तर सीट बनवता! शरीर आणि गाडी जिथे भेटतात ती वस्तू. धडक-चाचणीतला हायब्रिड-३ पुतळा १९७० च्या दशकात सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापानं बनला. छोटा 'स्त्री' पुतळा बराच काळ त्याचीच लहान केलेली आवृत्ती होता. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सारख्या धडकेत, पट्टा लावलेल्या स्त्री-चालकाला गंभीर इजा होण्याचा संभव पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त आढळला. आपल्या रस्त्यांवर तर मोटारसायकलच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली नऊवारीतली आजी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या चाकावर आच्छादन मागतो, ज्याला आपण साडी-गार्ड म्हणतो. ही गरज ज्याच्या घरात रोज दिसते त्याला ती ड्रॉइंगवर आठवते. उंची पाच फूट असलेली इंजिनिअर प्रोटोटाइप सीटवर बसून "माझा पाय क्लचवर नीट पोहोचत नाही आणि पुढे सरकलं की पट्टा गळ्यावर येतो" म्हणते, तेव्हा तो चाचणीचा निष्कर्ष असतो. तो टेस्ट रिपोर्टमध्ये तिच्या नावानं लिहिला गेला पाहिजे, गप्पांत विरता कामा नये. तुमच्या धंद्यात विविधतेचा सर्वांत सरळ उपयोग हाच आहे, आणि संचालकांना तो लगेच कळेल.

आता काय करायचं ते. पुढच्या अप्रेझलआधी एक तक्ता बनवा. प्रत्येक इंजिनिअरच्या नावापुढे गेल्या दोन वर्षांतलं काम: नव्या डिझाइनवर किती महिने, बदलांवर आणि कागदपत्रांवर किती, रिव्ह्यूमध्ये स्वतः किती वेळा मांडणी केली, क्लायंटकडे किती वेळा गेला-गेली, ट्रायल किती, पेटंटच्या अर्जावर नाव आहे का. शेवटच्या रकान्यात रेटिंग. मग सारखं काम मिळालेल्यांचीच आपसात तुलना करा. माझा अनुभव असा की रेटिंगमधला फरक इथे बराच आटतो. जो उरतो तो कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकमेकांशी ताडून पक्की करण्याच्या बैठकीत शोधायचा. तिथे 'अॅटिट्यूड', 'फिट', 'घरच्या जबाबदाऱ्या' असे शेरे आले की दरवेळी विचारा: कुठल्या कामात, कुठल्या तारखेला, काय झालं? उत्तर नसेल तर शेरा खोडायचा. निकष फॉर्म भरायच्या आधी लिहून ठेवायचे, नंतर नाही.

संचालकांना सांगा की वर्षभरात पेटंट दुप्पट होतील अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांनी बघायचे आकडे वेगळे आहेत: टूलिंग, म्हणजे उत्पादनाचे साचे तयार झाल्यानंतरचे डिझाइन-बदल कमी होतात का, बिघाड क्लायंटकडे जाण्याआधी आपल्याच चाचणीच्या रिगवर सापडतात का, आणि दोन-तीन वर्षांत तयार झालेली नवी माणसं सोडून जातात का. यातला शेवटचा आकडा आधी मागवा. नव्या गटातले लोक जास्त सोडून जात असतील तर त्यांच्या जाण्याआधीचं सहा महिन्यांचं काम काढून बघा, बहुतेकदा तिथे फायलीच दिसतील.

तो तक्ता एचआरकडे देऊन थांबू नका. टीम लीडना एकत्र बसवा आणि त्यांच्यासमोर ठेवा, कारण काम तेच वाटतात. एकेकाला त्याच्या टीमची पानं द्या आणि पुढच्या तिमाहीचं वाटप त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, त्यालाच करू द्या.